कोबा सुकण्याआधी

६ ऑक्टोबर, शनिवार

गृहप्रवेश झाला. मंत्र म्हणणारा मी, ऐकणारा मी, आणि ज्याची दक्षिणा बुडाली तो भटजीही मीच. डॅलसहून पाच तास गाडी हाकून टोलिव्हर गावी पोचलो तेव्हा कापसाच्या शेतांवरून वारा असा सुटला होता की अंगणातली 'विकले गेले' ही पाटी माझ्या डोळ्यांदेखत उडून शेजारी गेली. ती परत करायला शेजारीणबाई आल्या. मिस लूएला प्रूइट. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात पीच कॉबलर या गोड पदार्थाचे गरम भांडे. माझे वैशंपायन हे आडनाव त्यांनी तीनदा उचलून पाहिले, तिन्ही वेळा खाली ठेवले आणि म्हणाल्या, हनी, मी तुला नुसतं मिस्टर व्ही म्हणते, या वयात मला एवढा श्वास पुरत नाही.

येथल्या साप्ताहिकाचा मी आता संपादक, वार्ताहर, छायाचित्रकार आणि मुद्रितशोधक. द्वंद्व समासच, फक्त सगळी पदे एकाच माणसाची. पहिली कामगिरी: शाळेच्या फुटबॉल संघाचा पराभव असा लिहिणे की तो विजयाहून थोर वाटावा. सव्वीस वर्षे टेक्ससमध्ये काढल्यावर एवढे जमते.

घर एकमजली, जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर उभे. पश्चिमेला मोठी खिडकी. आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवा, जाड, केसाळ गालिचा. न्हाणीघरातसुद्धा. आधीच्या मालकाने जमिनीचा एवढा काय धसका घेतला होता कोण जाणे. हा गालिचा पहिला जाणार. मागच्या खोलीत रेवाची खाट मांडली, उशीला अभ्रा घातला. ती यायला साडेसहा आठवडे आहेत, पण नुसती गादी बघवेना.

९ ऑक्टोबर, मंगळवार

लॉरेलशी फोनवर बोललो. संसारात जमला नाही एवढा सभ्यपणा आम्हाला घटस्फोटानंतर जमू लागला आहे. अट तिने पुन्हा सांगितली, आणि तिचे काही चुकत नाही. मागच्या डिसेंबरात डॅलसच्या माझ्या भाड्याच्या खोलीत, तिथल्या जुनाट गालिच्याच्या धुळीने, रेवाला दम्याचा असा झटका आला की आठ वर्षांची पोर ओठ निळे करून रुग्णवाहिकेतून गेली. त्यानंतर ती माझ्या छपराखाली एक दिवसही राहिलेली नाही. घरात गालिच्याचा तुकडा जरी दिसला तरी दारातून गाडी वळवीन, असे लॉरेल म्हणाली. नसला, तर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचे पाच दिवस रेवा माझी. बुधवार, २१ नोव्हेंबर, दुपारी तीन.

मग रेवा फोनवर आली. बाबा, तुझ्या घरात आवाज घुमतो का, असे तिने विचारले. म्हटले, गालिचा निघाला की घुमेल. तर मग मी येऊन खूप मोठ्याने गाणार, आणि तू कानांवर हात ठेवायचे नाहीस, अशी तिने तंबी दिली.

१५ ऑक्टोबर, सोमवार

एलिसेओ बर्रागान हा तीस वर्षे काँक्रीटची कामे करणारा गृहस्थ. गुडघे निकामी, जीभ शाबूत. म्हणाला, मिस्टर व्ही, तुम्ही छापता ते लोक आठवड्यात विसरतात. मी घालतो ते घर पडलं तरी राहतं. तेव्हा घाई तुमच्या धंद्यात करा, माझ्यात नको.

आपल्याकडे ज्याला कोबा म्हणून नाक मुरडतात ती इथे हौसेची वस्तू आहे. गालिचा काढायचा, गोंद यंत्राने घासून टाकायचा, उघड्या काँक्रीटवर ॲसिडचा रंग सोडायचा. हा रंग वर बसत नाही. आतल्या चुन्याशी त्याची काही खासगी बोलणी होतात आणि चामड्यासारखे, चहासारखे, कळकट तांब्यासारखे ढग उमटतात. मग वरून सीलरचा पारदर्शक थर. पुसले की लख्ख. धूळ नाही, किडा नाही, दमा नाही.

हिरवा गालिचा उचलला तर खाली दुसरा निघाला, मोहरीच्या रंगाचा. एलिसेओ उकिडवा बसून बघत राहिला. जुना न काढता वर नवा घालणारा इसम त्याने पाहिलेला नाही. एवढा आळशी तर माझा मेहुणासुद्धा नाही, म्हणाला. मग जरा वेळाने, थट्टा सोडून: हा माणूस गालिचा घालत नव्हता, पांघरूण घालत होता.

२२ ऑक्टोबर, सोमवार

रंग सोडला. भस्सकन फेस आला, खाली बसला, सोड्याच्या पाण्याने धुतला. दुपारी पश्चिमेचे ऊन आत आले आणि मी चक्क टाळी वाजवली. पुढची खोली अशी दिसत होती की जणू एखाद्या मोठ्या, शांत जनावराची पाठ.

एकच गोष्ट. खिडकीपाशी दोन पावले उमटली आहेत. अनवाणी, पुरुषी, शेजारी शेजारी, बोटे दाराकडे. मागे खुर्चीच्या चार पायांचे चार ठिपके.

एलिसेओला नवल वाटले नाही. आमच्या धंद्यात याला भूत म्हणतात, म्हणाला. तेल, गोंद, घाम, जे वर्षानुवर्षं वर पडतं ते काँक्रीट पिऊन टाकतं. ॲसिड त्याला ओकायला लावतं. कुणीतरी इथे खुर्ची टाकून बसायचा, पाय एकाच जागी ठेवून. रंगात खोट काढाल तर भांडण होईल.

मी खोट काढली नाही. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. रिकाम्या घरात कोणी दाराकडे तोंड करून बसल्याची खूण वाईट नसते.

२७ ऑक्टोबर, शनिवार

काल एलिसेओने हातभर लांबरुंद पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर अंथरून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. लादीत ओल असेल तर दिवसभरात आतून थेंब धरतात. आज दुपारी पाहिले. ऑगस्टपासून पाऊस नाही, अंगणातले गवत पायाखाली पापडासारखे मोडते, आणि इथे थेंब! सगळीकडे सारखे नव्हते. मधोमध एक गोल, काचेला तोंड लावून वाफ सोडावी तसा. तो वाढे, आटे, पुन्हा वाढे. मी गुडघ्यांवर बसून पाच मिनिटे पाहिले.

एलिसेओने फोनवर सगळे ऐकून घेतले. लादी श्वास टाकतेय, टाकू दे, म्हणाला. इतकी वर्षं दोन गालिच्यांखाली होती बिचारी. खिडक्या उघड्या ठेवा. सीलर तीन आठवडे नाही, चार लागले तर चार. ओल्यावर मारलात तर आत जे आहे ते आतच राहील, मिस्टर व्ही, आणि मग मला बोलवू नका.

पण तीन आठवडे म्हणजे १७ नोव्हेंबर. आणि सीलरचा उग्र दर्प जायलाच दोन आठवडे हवेत. त्या दर्पात रेवाची छाती पाच मिनिटे टिकणार नाही. पंचांग मांडून पाहिले. मुहूर्त बसत नाही.

३ नोव्हेंबर, शनिवार

मीच मारला. एलिसेओ भाचीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या थाटामाटाला लबक शहरी गेला आहे. त्याला विचारले असते तर त्याने नाहीच म्हटले असते, म्हणून विचारले नाही. सकाळी नऊला मागच्या खोलीपासून सुरुवात केली आणि एक वाजता पुढच्या दारातून उलट्या पावली बाहेर पडलो. प्लास्टिक पुन्हा लावून पाहिले नाही.

काय देखणे दिसते घर! छायाचित्रे लॉरेलला पाठवली. उत्तर आले: 'सुंदर. येतो आम्ही.' तीन शब्द. दिवसभरात मी ते इतक्यांदा वाचले की मुद्रितशोधकाला शोभेल.

७ नोव्हेंबर, बुधवार

थराखाली पांढरट धुके आले आहे. आधी खिडकीपाशी होते, आता तिन्ही खोल्यांत. बोटाने पुसले जात नाही, कारण ते आतल्या बाजूला आहे.

एलिसेओ दारात आला आणि तिथूनच म्हणाला, मारलात ना? मी मान डोलावली. सांगितलं होतं, म्हणाला. शिकलेल्या माणसाला दोनदा सांगावं लागतं हे माझ्या बायकोचं म्हणणं खरं आहे. जानेवारीत सगळे खरवडून काढू, ओल साधी, पोरीला अपाय नाही, असेही म्हणाला. मग त्याची नजर खिडकीकडे गेली आणि त्याने विचारले, ती पावलं कुठं गेली?

खिडकीपाशी नव्हती. खोलीच्या मध्यावर होती. बोटे माझ्याकडे.

एलिसेओने टोपी काढली. आत पाऊल टाकले नाही. तसाच मागे फिरून गेला.

१० नोव्हेंबर, शनिवार

आता कळले. मी उभा राहतो तिथे धुके विरते. दोन तळव्यांच्या आकारात, माझ्याहून बोटभर मोठ्या. चाललो की तेही चालते. लादीच्या खाली कोणीतरी उलटे उभे आहे, तळव्याला तळवा लावून.

आणि ती जागा कोमट असते.

घाबरायला हवे होते. घाबरलोही. सकाळी दहा वाजता ओसरीवर जाऊन कॉफी प्यालो, समोरून जाणाऱ्या टपालवाल्याशी हवेवर बोललो. पण हेही लिहिले पाहिजे: अकरा महिन्यांत मला कुणी स्पर्श केलेला नाही. हस्तांदोलन यात धरलेले नाही. मी आत आलो, मोजे काढले आणि तासभर उभा राहिलो.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस त्याच्याशी बोलतो आहे. उत्तर येत नाही, पण तळव्याखालचे कोमटपण कमीजास्त होते. एकेकाळी कॉलेजात शिकवायचो तेव्हा एवढी दादही नसे. रेवाविषयी सांगितले. तिची उंची. ती बेसूर गाते ते. डाव्या पायाचे करंगळीशेजारचे बोट वळलेले आहे ते. घरात शिरताना आधी बूट काढते ते. सगळे सांगितले. एवढे कुणी ऐकून घेत नाही.

अंक उशिरा निघाला. चर्चच्या भोपळास्पर्धेचा निकाल चुकला. कुणाला फरक पडला नाही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

रेवाच्या खोलीत पावले.

लहान. खाटेपाशी, जशी कुणी उठून बसावी आणि पाय खाली सोडावेत. तिच्यासाठी आणलेल्या सपाता खोक्यातून काढून त्यांवर ठेवल्या. तंतोतंत.

डाव्या पायाचे करंगळीशेजारचे बोट वळलेले.

रेवा या घरात अजून आलेलीच नाही.

मीच सांगितले. मी —

१७ नोव्हेंबर, शनिवार

मिस लूएलांकडे गेलो. आधीच्या मालकाविषयी विचारले. त्या हातातले विणकाम ठेवून बोलायला बसल्या. वेंडेल क्राउझ. एकटा. अमारिलो शहरी राहणारा मुलगा येईल म्हणून वर्षभर खिडकीत खुर्ची टाकून बसलेला. मुलगा एकदाचा बायकोपोरांसह निघाला, आणि या बाबाने फोन करून सांगितले, येऊ नका. कधीच येऊ नका. त्याच आठवड्यात हिरवा गालिचा घातला. हनी, अख्ख्या चर्चने त्याच्याशी बोलणं टाकलं, म्हणाल्या. असला दगड माणूस मी बघितला नाही. त्याच्याआधी शाळेच्या ओपलबाई. त्यांनीही सख्ख्या बहिणीला दारातून घालवले. त्यांचा तो मोहरीच्या रंगाचा गालिचा.

त्या घरात चांगली माणसं राहायला जातात आणि त्यांचं काळीज आटतं, म्हणाल्या. तू नको हं तसा होऊ, मिस्टर व्ही. मग माझ्याकडे बघून विचारले, तू जेवतोस ना?

दगड नव्हता तो. दोघेही नव्हते. हे कुणाला सांगू.

१८ नोव्हेंबर, रविवार

डॅलसला जाऊन तिथेच भेटावे असे ठरवले. बाहेरच, एखाद्या बागेत. पेट्रोल भरायला थांबलो, पंपाच्या काँक्रीटवर उभा राहिलो. खाली पाहिले. धुके — माझ्या तळव्यांभोवती. शेजारी लहान पावले.

कचेरीत गेलो. टेबलाखाली तेच.

घरात नाही ते. माझ्यापाशी आहे. मी जाईन तिथे —

परत फिरलो.

१९ नोव्हेंबर, सोमवार

फोन केला. येऊ नका म्हटले. का, लॉरेलने विचारले. काम आहे म्हटले. ती हसली. भोपळ्यांचं काम? तुझा आवाज बरा नाही, आजारी आहेस, आम्ही येतोय, सूप आणते, म्हणाली. आजच नेमकी दयाळू झाली.

मागून रेवा ओरडत होती, दोन झोपा राहिल्या, बाबा, फक्त दोन!

फोन ठेवला.

२० नोव्हेंबर, मंगळवार

गालिचा आणला. करडा. पुढच्या खोलीत अंथरला. कडा नीट बसल्या नाहीत, बसू देत. दारातून दिसला की पुरे.

चालताना खालून ढुसण्या. लहान.

लॉरेलला राग येईल असे काय बोलायचे ते कागदावर लिहून काढले. तीनदा खोडले. आयुष्यभर शब्दच विकले, आणि आता —

२१ नोव्हेंबर

तीनला गाडी आली. मी दारात, जाळीचे दार आतून लावलेले.

रेवा धावत ओसरीवर. वाकली. बूट काढू नकोस — ओरडलो. तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. थट्टा वाटली तिला, हसली. एक बूट तोवर हातात होता. पाय काँक्रीटवर.

लॉरेलने माझ्या मागे पाहिले. करडा. मग हळू: पोरीला पाच तास बसवून आणलं रे.

म्हटले, बोलावले नव्हते. म्हटले, मला नको आहे ती. इथे नको, कुठेच नको. फोन करू नका. मी केला तर उचलू नका. मराठीत नाही, तिला नीट कळेल अशा भाषेत म्हटले. कागद बघावा लागला नाही.

रेवा रडली नाही. बूट हातात धरून उभी. मग लॉरेलने तिला उचलले — एवढी मोठी पोर — आणि नेले. जाताना म्हणाली, उचलणार नाही. कधीच नाही.

गाडी वळली. गेली. सुटली. माझी रेवा सुटली.

३.४०

गालिच्याची कड उचलली. धुके नाही. पूर्ण उचलला. कुठेच नाही. तिन्ही खोल्या लख्ख, चहाच्या रंगाच्या, आरशासारख्या. एलिसेओने सांगितल्या होत्या तशा. उभा राहिलो. वाट पाहिली. तळवे थंड.

कुणीच नाही.

ओसरीवर — ओसरीही काँक्रीटचीच. लहान पावले, दोन्ही अनवाणी. रेवाला तर उचलून नेले होते. पायरी उतरून गाडीच्या वाटेने. बाजूला मोठी. गाडीचे मागचे दार होते तिथवर. तिथे संपतात. परत येणारे एकही —

फोन लावला. उचलत नाही. पुन्हा. सहा वेळा. मीच सांगितले, मीच तर —

वाजतोय. लॉरेल, उचल. गाडी थांबव, मागे बघ, तिच्या शेजारी — उचल ना — मी खोटं —